नऊ जागांची दांडी

परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात दत्ताराम परबाने एकोणीस वर्षं काढली. मोठा संप झाला, दोन वर्षं उलटली तरी गिरणीचं बोलावणं येईना, तेव्हा चाळीतली खोली सोडून तो आणि त्याची बायको प्रेमा भांडुपला टेंभीपाड्यावर राहायला आले. घर डोंगराच्या उतारावर होतं. पुढे अंग चोरून जावं लागेल अशी गल्ली, पण मागच्या दाराबाहेर चांगली दहा-बारा हात मोकळी जागा. तिच्यापुढे करवंदीच्या जाळ्या आणि मग नुसता डोंगर. मुंबईत आपल्याला परसू मिळालं, या नवलाईत प्रेमा पहिले दोन दिवस येताजाता मागच्या दारातच जाऊन उभी राहायची.

परसात चार खांब उभे होते. बाभळीचे, काळे पडलेले, जमिनीत खोल गाडलेले. वर ना छप्पर, ना बाजूला भिंत. ज्याच्याकडून घर घेतलं त्या बाळाला दत्तारामने विचारलं होतं, "हे काय होतं रे?"

"आईच्या कोंबड्या होत्या," बाळा म्हणाला आणि लगेच नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायला लागला.

"मग आपण पण ठेवया कोंबडी," प्रेमा म्हणाली. "बसान काय करतलात? हाताक कायतरी काम होयाच ना?"

दत्तारामला ते लागलं, पण पटलंही. त्याने पेटी उघडली, रंध्याचं पातं घासलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने खुराडं काढायला बसला.

कोंबडी काय, कुठेही बसते, असं लोकांना वाटतं. दत्तारामला तसं वाटत नव्हतं. कुडाळकडच्या त्याच्या गावात त्याने बघितलं होतं, की दिवस कलला की कोंबडी उंचावर जायला बघते आणि सगळ्यांत वरची जागा मिळावी म्हणून शेजारणीला चोची मारते. म्हणून त्याने तीन दांड्या योजल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, एकीच्या मागे एक चढत जाणाऱ्या. म्हणजे वरचीची घाण खालचीच्या अंगावर पडायला नको. सर्वांत वरची दांडी छातीच्याही वर, पाच फुटांवर. दांड्यांच्या कडा त्याने रंधून गोल केल्या, पॉलिश पेपर मारला. कोंबडी झोपेत पंजा मिटून दांडी धरते. कड टोचली तर पायाला गाठी येतात. तळ जमिनीपासून दोन फूट वर उचलला, घूस आणि मुंगूस आत शिरू नये म्हणून. छपराला पत्रा, त्याचा उतार घरापासून लांब. पत्र्याखाली दुहेरी गोणपाट, उन्हाने तापू नये म्हणून. भिंतीच्या फळ्या आणि छप्पर यांच्यामध्ये चार बोटं फट ठेवून तिला जाळी मारली, कोंडलेली वाफ बाहेर पडायला. खांब मात्र जुनेच ठेवले. इतके घट्ट होते की पहारीनेही हलले नसते. प्रत्येक खांबाला कंबरेच्या उंचीवर एक खाच होती, कशाने तरी गुळगुळीत झालेली. ती त्याच्या कामाची नव्हती. त्याने तिच्यावर फळी ठोकली.

बाजारातून सहा गावठी तलंगा, अंड्याला आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आल्या. पहिल्या संध्याकाळी त्या एकीमागून एक पायऱ्या चढल्या आणि सर्वांत वरच्या दांडीवर ओळीने बसल्या.

"बघ!" दत्ताराम म्हणाला. "याला म्हणतात हिशोबात बनवणं!"

शेजारच्या घरांतून दिवेलागणीच्या घंटा वाजायला लागल्या, उजेड कमी झाला, आणि खुराड्यात एकदम फडफड झाली. त्याने दार उघडून पाहिलं. सहाच्या सहा कोंबड्या खाली उतरून सर्वांत खालच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. वरच्या दोन्ही दांड्या रिकाम्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दत्तारामला वाटलं, पत्रा तापतोय. त्याने गोणपाटाचा आणखी एक थर दिला. मग वाटलं, फटीतून डोंगरावरचा वारा लागत असेल. त्याने दोन बोटं फट बुजवली. वरची दांडी हलतेय का ते बघितलं, तिला पाचर मारली. उपयोग शून्य. कोंबड्या उजेड असेपर्यंत वर बसत, आणि ठरल्या वेळेला, कुणी हाक मारल्यासारख्या, खाली येत. अंडं तर एकीनेही घातलं नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी प्रेमा मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. पायरी खुराड्याच्या टोकाला अगदी लागून होती. तिने दत्तारामला हळूच हाक मारली. "अवो, हयसर येवा. आणि आवाज करू नकात."

तो येऊन उभा राहिला. खुराड्यातून एक बारीक आवाज आला, कुर्र. झोपेतल्या कोंबडीच्या अंगावरून हात फिरवला की ती करते तसा. मग त्याच्या शेजारून दुसरा. मग तिसरा. सहा आवाज, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सारख्या अंतराने. नंतर थोडा वेळ काही नाही. आणि मग लाकडावरून कोरडं काहीतरी घासत गेल्याचा आवाज, दांडीच्या रिकाम्या भागावरून शेवटपर्यंत. पुन्हा पहिल्यापासून कुर्र.

"रोज असाच," प्रेमा म्हणाली. "माका वाटला, मोजता कोणतरी."

"उंदीर असेल," दत्ताराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उजेड असतानाच स्टूल घेऊन छपराखालच्या फटीशी डोळा लावून बसला. मावळतीचं तांबूस ऊन फळ्यांच्या चिरांतून आत येत होतं. कोंबड्या वर होत्या. मग पहिली उतरली, बाकीच्या तिच्यामागून उतरल्या, खालच्या दांडीवर नीट बसल्या, माना आत घेतल्या. आणि डावीकडच्या पहिल्या कोंबडीच्या पाठीवरची पिसं खाली दबली. अंगातून दबली नाहीत. वरून दबली, माणसाच्या तळव्याएवढी जागा. कोंबडीने डोळे मिटले आणि कुर्र केलं. पिसं पुन्हा फुलली. मग दुसरीची दबली. मग तिसरीची. मध्ये कुणी नव्हतं, काही नव्हतं. नुसती सहा पाठींवरून तो दाब पुढे पुढे जात होता. सहावीच्या पलीकडे लाकूड होतं. त्या लाकडावरचा धुरळा एका रेषेत पुसला गेला.

दत्ताराम स्टुलावरून कसा उतरला ते त्याला आठवत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने दार उघडून त्या रिकाम्या दांडीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

शेजारी खंडू राहायचा. मूळचा साताऱ्याकडचा, म्युनिसिपालटीच्या पाण्याच्या लायनीवर कामाला, आणि या आळीत सगळ्यांत जुना. दत्ताराम त्याच्याकडे गेला, चहा पीत बसला, आणि दोनदा विषय बदलून शेवटी विचारलं, "बाळाची आई कशाने गेली रे?"

खंडूने कप खाली ठेवला. "का? काय दिसलं का तुला?"

"सांग ना तू."

"शकुमावशी म्हणायचो आम्ही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काही म्हणता काही दिसायचं नाही. पण नऊ कोंबड्या होत्या, आणि संध्याकाळी दांडीवर बसल्या की एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायची. नऊ झाल्या की समोरचं गोणपाट खाली सोडायची आणि 'झाल्या' म्हणायची. एवढीशी बाई, पाठीत वाकलेली. दांडी पण तिच्या हाताला येईल अशीच होती."

कंबरेच्या उंचीवरची ती खाच दत्तारामच्या डोळ्यांपुढे आली.

"मग तिला ताप आला," खंडू सांगत होता. "बारा दिवस हॉस्पिटलात होती. बाळाला कोंबड्या बघायला वेळ कुठं? त्यानं सगळ्या विकल्या. आणि ती घरी आली तर तिला म्हणाला, आई, आहेत सगळ्या खुराड्यात. अरे, आंधळं माणूस, त्याला काय कळतंय! पण संध्याकाळी ती उठून मागं गेली ना. हात घातला. दांडी रिकामी. बाळा ड्युटीवर. मी तिला बोलावलं, मावशी, घरात चल. तर म्हणते, थांब रे, मोजतेय. सकाळी बघितलं तर तशीच होती. खांबाला टेकून बसलेली, हात खांद्यापर्यंत आत."

खंडूने कप उचलून बाजूला सारला. "आम्ही बौद्ध. भुताखेताला मानत नाही, आणि मी पण मानत नाही. पण तिन्हीसांजेला मी तुझ्या परसाकडं बघत नाही, एवढं खरं. तू ते खुराडं मोडून टाक दत्ता."

दत्तारामने घरी येऊन प्रेमाला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती घाबरेल, घर सोडूया म्हणेल. ती उठून मागच्या दारात गेली, खुराड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बिचारी. म्हातारे बायकोचो हात पाच फुटार कसो पोचतलो? तुम्ही दांडी खाली घ्या."

"अगो, खुळी की काय तू?"

"आणि तीन कोंबडी आणखी हाडा."

दत्तारामने दोन दिवस घेतले. मोडावं, तर बायको दारात येऊन बघत राहायची. आणि खरं सांगायचं तर इतकं नीट बांधलेलं मोडायला त्याचा हात धजत नव्हता. शेवटी त्याने तिन्ही दांड्या काढल्या. खांबांवरच्या फळ्या सोडवून खाचा मोकळ्या केल्या आणि एकच लांब दांडी त्यांत बसवली. एका कोंबडीला नऊ इंच धरले, नऊ जागा बरोबर झाल्या. समोरच्या बाजूला, दांडीच्या थोडं वर, आडवी लांब झडप केली, वरून कातड्याच्या बिजागऱ्यांवर लटकणारी. ती उघडी राहावी म्हणून एक काठीचा टेकू. कुणालाही उभ्या उभ्या हात आत घालता आला असता. काम करताना तो स्वतःशी म्हणत होता, कोंबड्यांना दाणे टाकायला सोयीचं होईल.

नऊ कोंबड्या झाल्या त्या संध्याकाळी दोघं दारात उभी राहिली. नऊ आवाज आले, एकामागून एक, सावकाश. मग झडप पडली. टक्. दत्तारामने जाऊन बघितलं तर टेकूची काठी खाली पडलेली नव्हती. खांबाला नीट टेकून उभी करून ठेवली होती.

त्यानंतर चार महिने बरे गेले. कोंबड्या अंडी देऊ लागल्या. दत्तारामला आळीतली दारं-खिडक्यांची कामं मिळू लागली. संध्याकाळी ती मोजणी व्हायची, झडप पडायची, आणि माणसाला सगळ्याची सवय होते तशी त्यांना तिची सवय झाली. फक्त दत्ताराम त्या वेळी परसात जात नसे.

दिवाळी झाली आणि एके दुपारी करवंदीच्या जाळीतून रानमांजराने एक कोंबडी उचलली. थोडी पिसं तेवढी मागे राहिली.

त्या संध्याकाळी आठ आवाज आले. मग लाकूड घासल्याचा आवाज. मग पुन्हा आठ. पुन्हा. झडप पडेना. कोंबड्या अस्वस्थ झाल्या, ते कुर्र जाऊन घाबरा कलकलाट सुरू झाला, तरी हात फिरतच होता. तेवढ्यात आळीतले दिवे गेले. दत्ताराम घरात काड्यापेटी शोधत होता. प्रेमा मागच्या पायरीवर केस मोकळे करून बसली होती.

एकाएकी सगळं शांत झालं. आणि झडप पडली. टक्.

"प्रेमा?"

तो मेणबत्ती घेऊन धावला. ती तशीच बसली होती, मान किंचित खाली घातलेली. मोकळ्या केसांच्या मधोमध, टाळूवर, केस चापून बसले होते.

"माझ्या डोक्यार हात ठेवल्यान," ती म्हणाली. "माका वाटला, तुम्हीच."

"उठ. आत चल आधी!"

"भियालंय नाय मी." तिने स्वतःच्या टाळूला हात लावला. "खरखरीत हात. भाताच्या कोंड्याचो वास येय होतो."

प्रेमाची आई ती तीन वर्षांची असताना गेली होती. काकीने वाढवलं, म्हणजे भांडी घासून घेत वाढवलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. दत्ताराम वाईट माणूस नव्हता, पण बायकोच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्याला कधी सुचलं नव्हतं. हे सगळं त्याच्या मनात नंतर आलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "उद्या एक कोंबडी आणतो."

"घाई काय हा?" प्रेमा म्हणाली.

आणि ती रोज बसू लागली. उन्हं उतरली की केस सोडायची, पायरीवर जाऊन दांडीच्या रेषेत बसायची, मान खाली घालायची. आठ आवाज यायचे, मग एक क्षण काहीच नाही, मग झडप. दत्ताराम कोंबडी आणायचं काढायचा आणि ती काहीतरी कारण सांगायची. ही मोठी होऊ दे, तिकडे रोग आलाय, आज अमावास्या. हळूहळू तो तिच्याकडे बारकाईने बघायला लागला. ती पायरीवर बसताना पाय पोटाशी घेऊ लागली होती. अंधार पडला की तिचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. भाकरी थापता थापता डोळे मिटायचे. साडेसातला ती आडवी व्हायची, आणि पहाटे पहिला कोंबडा आरवायच्या आत उठून बसलेली असायची. देवापुढे दिवा लावायचं ती विसरली, ते त्याला आठ दिवसांनी कळलं.

जानेवारीत मालाडला तिच्या मावसबहिणीकडे, वसुधाकडे, बारसं होतं. प्रेमाचं जायचं मन नव्हतं. दत्तारामनेच तिला बळेबळे पाठवलं, मुक्कामाला राहा म्हणून बजावलं. ती गेली आणि त्याला हायसं वाटलं. संध्याकाळ व्हायला लागली तशी मात्र त्याला एक कल्पना सुचली. तो स्वतः जाऊन पायरीवर बसला.

आठ आवाज आले. मग त्याच्या केसांच्या वर, अगदी बोटभर अंतरावर, काहीतरी येऊन थांबलं होतं. त्याला कोंड्याचा वास आला. मग ते टेकलं. कोरडा, हलका, भेगा पडलेला हात. तो त्याच्या टाळूवरून कपाळावर आला, भुवया चाचपल्या, नाकावरून उतरला, आखूड मिशीवर थबकला. आणि झटकन उचलला गेला.

पुन्हा पहिल्यापासून आठ. पुन्हा लाकूड. या वेळी त्याच्या डोक्याला हात न लागता तो आवाज त्याच्या अंगाला वळसा घालून पुढे गेला, पायरीच्या दगडावरून, दाराच्या चौकटीवरून, घराच्या आतल्या भिंतीवरून. चुलीजवळ भांडं हललं. फळीवरचे डबे एकेक करून किंचित वाजले. दोरीवरचं प्रेमाचं लुगडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दबत गेलं. कोंबड्या आत ओरडत होत्या, जाळीवर आपटत होत्या. दत्ताराम पायरीवरून उठू शकला नाही. किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं.

पुढचं दार वाजलं. प्रेमा आत आली. बारशाचं ताट टाकून आली होती म्हणे. वसुधाने थांबवलं तरी थांबली नाही. तिने चपलाही काढल्या नाहीत. घरातून सरळ मागे आली, नवऱ्याला खांद्याने बाजूला सारलं, आंबाड्याचे आकडे उपसले आणि बसली.

टक्.

"बघितलात?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "माणूस गेला नि तिका सांगूक नाय, तर ती काय करतली?"

दुसऱ्या दिवशी दत्ताराम भांडुपच्या बाजारात गेला. प्रेमा नळावर होती तेव्हा त्याने एक तांबडी कोंबडी पिशवीतून काढून खुराड्यात सोडली. प्रेमाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती नेहमीसारखी जाऊन बसली, मान खाली घातली. त्याने दारामागून मोजलं. आठ. मग नववा कुर्र, जरा घोगरा. आणि झडप पडली.

प्रेमा तशीच बसून राहिली. अंधार पुरता पडला, शेजारी खंडूच्या घरातला रेडिओ लागला नि बंद झाला, तरी ती मान खाली घालून वाट बघत होती. तिचे केस सरळ, सुटे, कुणी न शिवलेले. दत्ताराम जवळ गेला. काय करावं ते कळेना, म्हणून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान वर केली. रडत नव्हती.

"कोंबडी हाडलात?"

"होय."

ती उठली आणि आत गेली. त्यानंतर तीन दिवस ती कामापुरतंच बोलली. दिवा लावायला लागली, उशिरापर्यंत जागी राहू लागली. सगळं पूर्वीसारखं झालं, आणि दत्तारामला ते पूर्वीचं काही केल्या सापडेना. ती घरात असून त्याला घर रिकामं वाटत होतं. आपण काय वाईट केलं, हे तो स्वतःला विचारत होता. नऊ मोजून झाल्या होत्या, म्हातारी निवांत होती, बायको माणसांत आली होती. तरी ती कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, मधूनच टाळूला हात लावून बघायची, तेव्हा त्याला तिच्याकडे बघवत नसे.

रविवारी तो आळीतल्या एका खिडकीचं काम आटपून दुपारी घरी आला तर गल्लीपर्यंत भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास येत होता. आत कढईत वडे तळले जात होते. प्रेमाने त्याच्यासमोर ताट ठेवलं, वाटीत तांबडा रस्सा वाढला.

"खंयची कोंबडी?" त्याने विचारलं. विचारताना त्याला उत्तर माहीत होतं.

"ती नवी. तांबडी." तिने वडा त्याच्या ताटात ठेवला. "खावा. निवतला."

दत्ताराम ताटाकडे बघत बसला. उठून जावं, ओरडावं, आज रात्रीच खांब उपटून टाकावेत, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. प्रेमा त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, पाय पोटाशी घेऊन, त्याचं तोंड निरखत. आंधळ्या आईला खोटं सांगणारा बाळा त्याला आठवला. मग त्याने वडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला.

त्या संध्याकाळी तिने केस सोडले, तेव्हा त्याने अडवलं नाही. पहिल्यांदाच तो दारात उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला. आठ कुर्र झाले. मग प्रेमाच्या टाळूवरचे केस, वारा नसताना, कुणी ढकलल्याशिवाय, हळूहळू दबले. ते जास्त वेळ दबलेले राहिले, कोंबड्यांपेक्षा जास्त. प्रेमाचे डोळे मिटले. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, आणि तो कोंबडीचा नव्हता असं दत्ताराम शपथेवर सांगू शकला नसता.

पुढे त्याने नववी कोंबडी आणायचा विषय काढला नाही. एखादी आजारी पडून मेली तर मात्र लगेच दुसरी आणायचा, म्हणजे आठाच्या आठ राहतील आणि नववी जागा एकच राहील. कधी कधी रात्री भात ढवळताना त्याला वाटे, दहावी जागा म्हणून त्या हाताने आपल्यालाही धरलं असतं तर. मग मिशीवरून ओढून घेतलेला तो हात आठवायचा आणि तो आचेकडे लक्ष द्यायचा.

मे महिन्याच्या शेवटी आभाळ भरून येऊ लागलं. एका सकाळी खंडूने कुंपणावरून बघितलं तर दत्ताराम छपरावर बसला होता. घराच्या बाजूचा पत्रा उचकटून त्याला नवा जोड देत होता. पायरीवर पट्टी टाकून त्याने अंतर मोजलं होतं, दीड फूट, आणि डोंगरावरून येणारी झड तिरकी असते म्हणून वर आणखी अर्धा फूट धरला होता. नव्या पत्र्याखाली गोणपाटही लावत होता.

"काय रे दत्ता, छप्पर वाढवलंस?" खंडूने विचारलं. "कोंबड्या वाढवल्यास काय?"

दत्ताराम तोंडात खिळे धरून होता. ते काढून त्याने खाली पायरीकडे बघितलं.

"नाय," तो म्हणाला. "नऊच आहेत."

खंडू आणखी काही विचारणार होता, पण त्याचीही नजर पायरीकडे गेली आणि तो आत गेला. दत्तारामने उरलेले खिळे मारले, जोडावर डांबर लावलं, बादलीभर पाणी ओतून कुठे गळतंय का ते बघितलं. एक थेंबही पायरीवर पडला नाही. संध्याकाळी प्रेमा जाऊन बसली, आणि भात त्यानेच टाकला.